डाव्या हाताचं पेन

गनीभाई : नाही ताई, पेन मी ओळखलं. माझ्या लेथवरून उतरलेलं पेन डोळे झाकून ओळखीन मी. मी विचारतोय ते वेगळंच. हे पेन पारनेरकडच्या काकासाहेबांच्या खिशात असतं. तुमच्या हातात कसं आलं?

राहीबाई : माझ्या हातात कसं आलं म्हंजी? नाव वाचा की त्याच्यावरचं. सोनेरी अक्षरात तुमीच घातलंय.

गनीभाई : "सौ. राहीबाई, सरपंच."

राहीबाई : मग? मीच ती राहीबाई. काकासाहेब माझं मालक.

गनीभाई : या अल्ला! सरपंचबाई! अहो, मग पायरीवर काय उभ्या राहिलात? आत या. त्या स्टुलावर बसा, तो भुसा झटका जरा. मुबारक, पाणी आण गं, सरपंचबाई आल्यात दुकानात! काकासाहेब कुठंत?

राहीबाई : खरेदी-विक्री संघाच्या हापिसात. मला म्हनाले, तू कापडबाजारात लुगडं बघ तवर, एकच्या गाडीनं पारनेरला जायाचंय. लुगडं ऱ्हायलं बाजूला, मी तुमचं दुकान इचारत इचारत आले. त्यांनी आज कोट बदलला, पेन जुन्या कोटात ऱ्हायलं. म्या कनवटीला खोवलं.

गनीभाई : चोरून?

राहीबाई : माझ्या नावाचं पेन मी घेतलं तर चोरी व्हती व्हय?

गनीभाई : चुकलो. बोला, काय सेवा करू?

राहीबाई : आधी एक सांगा. ह्ये जोंधळ्याचं कनीस कुनी काढलं ह्याच्यावर?

गनीभाई : का? रंग उडाला?

राहीबाई : रंग कशाला उडतोय! दीड वर्स मी ह्ये पेन लांबूनच बघितलं, त्यांच्या खिशात. झेंडावंदनाला समदा गाव बघायचा. काल रातच्याला ते निजल्यावर पहिल्यांदा हातात घेऊन बघितलं. कनसाला खालच्या अंगाला दोन दानं कमी हायती. आन वर टोपनावर पाखरू बसलंय, त्याची चोच भरल्याली हाय. त्येच दोन दानं खाल्लं पाखरानं! मी एकटीच हसले चुलीपाशी.

गनीभाई : मुबारक! ऐकलंस का? दाणे मोजले गं बाईंनी! ताई, नगरच्या निम्म्या वकिलांच्या खिशाला आमची पेनं आहेत. कुणी म्हणतं झकास, कुणी म्हणतं नक्षी बारीक आहे. दाणे कुणी मोजले नव्हते. हे सगळं आमच्या घरातून होतं. मी पेनाची कांडी कातून देतो, माझी बायको मुबारक बारीक सुईनं कोरते आणि रंग भरते. ती म्हणायची, माझं पाखरू उपाशी नाही, पण बघणारं कुणी नाही. आज तिला जेवण जायचं नाही खुशीनं.

राहीबाई : त्यांना माझा रामराम सांगा. जोंधळा बघितल्याली बाई हाय ती. पर गनीभाई, आता दुसरं आयका, आन रागावू नका. पेन देखनं हाय, पर लिहीत न्हाई.

गनीभाई : काय?

राहीबाई : कागद फाडतं. काल तीन कागद फाडलं मी. करकर करकर आवाज करतं.

गनीभाई : माझं पेन? करकर? ताई, दुसरं काहीही बोला. हा घ्या कागद. लिहा माझ्यासमोर.

राहीबाई : लिहू?

गनीभाई : लिहा. लाजताय काय, तुम्ही सरपंच आहात. हं... थांबा. थांबा थांबा. तुम्ही डाव्या हातानं लिहिता?

राहीबाई : डावरी हाय मी. शाळंत मास्तरांनी ह्या बोटांवर छड्या मारल्या, चौथीपोतर उजव्यानं लिहिलं कसंबसं. पर हात माझा ह्योच. भाकरी ह्यानंच थापते, इळा ह्यानंच धरते.

गनीभाई : तौबा! अहो, मग हे पेन तुमच्या हातात चालणारच नाही. उजवा हात निब ओढत नेतो, डावा हात निब ढकलत नेतो. ही निब मी उजव्या हाताला घासून दिलीय. ढकलली की टोचणारच.

राहीबाई : मग उजव्या हाताला का घासली?

गनीभाई : मुबारक, पाणी कुठंय गं अजून?

राहीबाई : बोला की. समदं नगर सांगतं, गनीभाई हात बघितल्याबिगर पेन देत न्हाई म्हून.

गनीभाई : खरंय ते. दुकानाचा एकच कायदा आहे. ज्याचं पेन, त्यानं इथं बसून तीन ओळी लिहायच्या. मनातलं काहीही. मी हात बघतो, मनगट बघतो, कोण दाबून लिहितो, कोण पळत लिहितो. मग निब घासतो. एका बड्या साहेबानं शिपाई पाठवला होता, मी सांगितलं, शिपायानं लिहिलं तर पेन शिपायाचं होईल. साहेब दुसऱ्या दिवशी स्वतः आला.

राहीबाई : आन माझ्या येळंला कायदा कुठं गेल्ता?

गनीभाई : काकासाहेब म्हणाले, बायको बाहेर पडत नाही. तिचं नि माझं काय वेगळं आहे का, म्हणाले. मी म्हटलं, मोठा माणूस आहे, चार गिऱ्हाइकं आणतो, एवढं काय ताणायचं. त्यांनीच तीन ओळी लिहिल्या. चुकलो, ताई. बावीस वर्षांत एकदाच कायदा मोडला आणि तुम्ही तो अचूक पकडलात.

राहीबाई : काय लिहिलं त्यांनी?

गनीभाई : कागद असेल की. सगळे ठेवतो मी, निब दुरुस्तीला आली की बघायला लागतात. हा... हा बघा. जाऊ द्या, तुम्ही नका बघू.

राहीबाई : द्या हिकडं. ...माझी सही हाय ही.

गनीभाई : हं.

राहीबाई : माझी सही. तीन डाव. लफ्फेदार काढलीय की, माझ्यापरीस देखनी! कायपण आडखळ न्हाई. लई सराव झालाय मालकांना.

गनीभाई : मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

राहीबाई : गनीभाई, एक इचारू? तुमच्या दुकानात साहेब लोक येत्यात, वकील येत्यात. डाव्या हातानं केल्याली सही सरकारात चालती का?

गनीभाई : न चालायला काय झालं?

राहीबाई : ह्ये म्हनाले, चालत न्हाई. डाव्या हाताची सही दिसली की फाईल माघारी येती, गावाचं काम आडतं. म्हून सरपंच झाल्यापासनं माझ्या सह्या तेच करत्यात. दोन वर्सं.

गनीभाई : ताई, अडाणी माणसाचा अंगठा घेतात तो कुठल्या हाताचा?

राहीबाई : ...डाव्या.

गनीभाई : आणि कागदावर खाली काय लिहितात?

राहीबाई : निशानी डाव्या हाताचा अंगठा.

गनीभाई : मग डावा अंगठा चालतो आणि डावी सही चालत नाही? कुठलं सरकार हे?

राहीबाई : आगं बाई! आगं बाई गं! दोन वर्सं! दोन वर्सं मी रोज राखंत उजव्या हातानं नाव गिरवतीय चुलीम्होरं, की एक ना एक दिवस जमंल आन माझी सही मी करीन. सासू म्हनायची राखंशी काय खेळतीस. आन ह्यो बाबा समोर बसून जेवायचा, बघायचा, आन कायबी बोलायचा न्हाई!

गनीभाई : पाणी प्या. घ्या, पाणी प्या आधी.

राहीबाई : पानी नगं. आज चार वाजता पारनेरला साहेबाम्होरं सही करायची हाय मला. समक्ष. कुनीतरी तक्रार केली की सरपंचबाईच्या सह्या दुसराच करतो, म्हून साहेबानं सांगितलं, बाईला घिऊन या. सकाळी मला म्हनाले, उजव्या हातानं हळूहळू कर, वाकडी आली तरी चालंल, म्या सांगतो साहेबाला शिक्षान कमी हाय म्हून.

गनीभाई : कशावर सही?

राहीबाई : ठरावावर. दुष्काळी कामातनं गावाला पाझर तलाव मंजूर झालाय. सभा झाली, मी खुर्चीवर हुते. सहा मेंबरांनी हात वर केले, गावाच्या ओढ्यावर तळं करायचं. तिथं झालं तर खालच्या वस्तीच्या हिरीला पानी उतरतंय. त्या बाया दीड मैल हांडा वाहत्यात, गनीभाई, पहाटंपास्नं. काल मी ठरावाचं बुक उघडून वाचलं. त्यात लिहिलंय, तळं थोरल्या दिरांच्या रानाच्या वर. सर्वानुमते!

गनीभाई : थोरले दीर म्हणजे काकासाहेबांचे सख्खे भाऊ?

राहीबाई : सख्खे. एका हिरीला पानी, आन बाकी गावानं बोंबलायचं. म्या म्हनलं, ह्ये सभेत ठरलं न्हवतं. तर म्हनाले, तुला काय कळतं, तू सहीचं बघ. आता मी सहीचंच बघतीय. ह्ये पेन माझ्या हाताचं करून द्या.

गनीभाई : ताई, एक सांगतो, नीट ऐका. निब एकदा डाव्या हाताला घासली की उजव्याला हे पेन पुन्हा लिहिणार नाही. काकासाहेबांनी खिशाला लावलं तर नुसती शोभा.

राहीबाई : शोभाच करत्यात ते त्याची. घासा.

गनीभाई : दुसरं असं, की पुढच्या महिन्यात संघाची सभा आहे. चाळीस पेनं सांगितलीत काकासाहेबांनी सत्काराला. या सालात पेन घेतंय कोण? रिफिलचं पेन साठ पैशाला मिळतं, लिहायचं आणि फेकायचं. चाळीस पेनं म्हणजे आम्हा दोघांचं पावसाळ्यापर्यंतचं काम.

राहीबाई : मग ऱ्हाऊ द्या. तुमच्या पोटावर पाय द्याया न्हाई आले मी. पेन न्हाई तर न्हाई. कोळशानं करीन सही.

गनीभाई : बसा.

राहीबाई : न्हाई, खरंच ऱ्हाऊ द्या.

गनीभाई : बसा म्हणतो ना! दगड कुठं ठेवला मी? मुबारक, वाटीत पाणी दे आणि तो काळा दगड दे, बारीक. काय? हो, ऐकलंय तिनं सगळं आतून. म्हणतेय, चाळीस पाखरं उपाशी मेली तरी बेहत्तर, हे लिहितं कर.

राहीबाई : बाई खमकी हाय तुमची.

गनीभाई : एकदा आत जाऊन बघा, कळेल. आता हात दाखवा. लिहिताना कशा बसता? खुर्ची टेबल?

राहीबाई : कसलं टेबल. खाली, पाटावर कागद.

गनीभाई : कागद सरळ की तिरका?

राहीबाई : तिरका. लई तिरका. न्हाईतर मनगटानं शाई फासती.

गनीभाई : म्हणजे वरून हात वळवून लिहिता. बांगड्या अडतात का?

राहीबाई : आडत्यात की! कागदाला घासत्यात. तुमाला कसं कळलं?

गनीभाई : हेच तर माझं काम. बोटं मिटा बघू. हे मधलं बोट पूर्ण मिटत नाही?

राहीबाई : गेल्या उन्हाळ्यात मीबी खडी फोडली कामावर, बायांसंगं. सरपंचीन घरात बसली तर बाया म्हनतील काय? तवा हातोडा बसला ह्याच्यावर.

गनीभाई : मग कांडीला इथं थोडा खळगा करतो, बोट टेकायला. नक्षीला हात लावत नाही. शाई कमी सोडायला निबेखालची जीभ बदलतो, लवकर वाळेल, फासणार नाही. पंधरा मिनिटं द्या मला. आणि बोलत राहा, गप्प गिऱ्हाइकाचं पेन चांगलं होत नाही.

राहीबाई : काय बोलू? चाळीस वर्साची झाले मी, गनीभाई. आईनं डावा हात पदरात बांधला, मास्तरांनी छडी मारली, सासूनं पंगतीत वाढू दिलं न्हाई डाव्यानं. मालकांनी तर सरकारच पुढं केलं. तुझा हात कंचा, त्याला काय पायजे, असं इचारनारं पहिलं मानूस तुमी. पेनापायी का व्हयना. मला रडू येतंय, पर मी रडनार न्हाई, चार वाजता डोळं लाल दिसतील.

गनीभाई : रडू नका. हं... घ्या. आधी नुसती रेघ ओढा. ढकला. घाबरू नका, ढकला.

राहीबाई : ...आवाजच न्हाई.

गनीभाई : आता गोल काढा.

राहीबाई : गनीभाई! कसं पळतंय वो! लोन्यात सुरी गेल्यावानी. आत्ता कळलं, अक्षर माझं वाकडं न्हवतंच कधी. पेनं वाकडी हुती समदी!

(काकासाहेब दुकानाच्या पायरीवर येऊन उभे आहेत.)

काकासाहेब : अगं, तुला कापडबाजारात सोडलं ना मी? सगळी दुकानं पालथी घातली. गनीभाई, हा काय प्रकार आहे?

गनीभाई : या काकासाहेब. गिऱ्हाईक आहे, निब करून देतोय.

काकासाहेब : गिऱ्हाईक मी आहे. ते माझं पेन आहे. दे इकडं.

राहीबाई : घ्या. लिहून बघा.

काकासाहेब : लिहायचं काय त्यात... हे काय? अरे, कागद फाटला! काय केलंस गनी हे? चांगल्या पेनाचं वाटोळं केलंस!

गनीभाई : वाटोळं मी आधी केलं होतं, आज नीट केलं. आता ते तुमच्या हाताला चालणार नाही.

काकासाहेब : निब बदल. आत्ताच्या आत्ता.

गनीभाई : नाही बदलणार.

काकासाहेब : विषय असा आहे गनीभाई, की तुम्ही धंद्याचा माणूस. नवरा-बायकोच्या मधे कशाला पडता? चाळीस पेनं आहेत संघाची. उद्या मी दुसरीकडं गेलो तर?

गनीभाई : जा की. नाहीतर असं करा, त्या चाळीस जणांना इथं पाठवा. एकेकानं बसून तीन ओळी लिहायच्या, एकेकाला पेन करून देतो. पण दुसऱ्यानं लिहिलेल्या ओळींवर यापुढं या दुकानातून पेन जाणार नाही. तुमच्यासाठी नाही, कलेक्टरसाठी नाही.

काकासाहेब : लई शहाणा झालास! राही, ऊठ. हे घे माझ्याकडचं रिफिलचं. ह्यानं कर सही साहेबापुढं. उजव्या हातानं, सांगितलंय तशी.

राहीबाई : डाव्या हातानं चालत न्हाई न्हवं सरकारात?

काकासाहेब : ...कोण म्हणालं?

राहीबाई : तुमी म्हनाला. दोन वर्सं म्हनताय. तोंडावर सांगा आज, चालती का न्हाई?

काकासाहेब : अगं, ते तुझ्या भल्यासाठी. लोक हसले असते.

राहीबाई : लोक हसले असते तर मी बघितलं असतं! माझं हसं मला झेपलं असतं. तुमी तर मला उभीच केली न्हाई कुनाम्होरं. गनीभाई, कागद द्या. मोठा. तीन ओळींचा कायदा हाय न्हवं तुमचा? मला तीन ओळीत मावायचं न्हाई.

गनीभाई : हा घ्या फुलस्केप. पाट पण घ्या. बसा खाली निवांत.

काकासाहेब : काय लिहितेस? राही, काय लिहितेस ते?

राहीबाई : वाचतेच की मोठ्यानं. "माननीय गटविकास अधिकारी साहेब, पंचायत समिती, पारनेर. मी सरपंच राहीबाई अर्ज करते की, सभेत सहा मेंबरांनी गावच्या ओढ्यावर तळं करायचं ठरवलं. बुकात लिहिलेला ठराव सभेत झाला नाही..."

काकासाहेब : अगं थांब! भावाला काय तोंड दाखवू मी? त्यानं बांधबंदिस्ती सुरू केलीय तिकडं. घरात उभा दावा होईल आपल्या!

राहीबाई : व्हऊ द्या. खालच्या वस्तीच्या बायांना मी काय तोंड दाखवते रोज, ते कधी इचारलं तुमी? हांडा उतरवून मला इचारत्यात, सरपंचीनबाय, तळं कुठं व्हनार? मी म्हनते, वढ्यावर. माझा शब्द हाय तो.

काकासाहेब : आणि जुन्या सह्यांचं? तेही लिहिणार? मला बेड्या घालायला लावणार?

राहीबाई : ते अजून ठरवलं न्हाई म्या. तुमी साहेबाम्होरं खरं बोलता का खोटं, ते बघून ठरवीन. बाजूला सरा जरा, उजेड आडवताय.

काकासाहेब : गनीभाई, तुम्ही तरी सांगा हिला.

गनीभाई : मी काय सांगू? मी फक्त हात बघतो, काकासाहेब. हात एकदम ठाम आहे.

काकासाहेब : राही... पाऊण वाजून गेला. एकची गाडी सुटंल.

राहीबाई : सुटू द्या. दोनची हाय. माझं लिहून व्हायचंय अजून.